वाऱ्याचा आडोसा

२ सप्टेंबर

मिस्त्री,

तू दुकानातला फोन काढून टाकलास तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं म्हणजे मला पेन शोधावं लागतं. तुझ्या बहिणीने शोधून दिलं आणि वर म्हणाली, "दादाला जरा नीट अक्षरात लिहा, नाहीतर तो चुका काढून परत पाठवेल." तेव्हा हे माझं नीट अक्षर समज.

काम असं आहे. ऑक्टोबरमध्ये ड्रायव्हिंग स्कूलला बारा दिवस सुट्टी देतोय आणि मोटरसायकल बाहेर काढतोय. वरच्या पठारापर्यंत जायचं, तंबू ठोकायचा, आपल्या हाताने रांधून खायचं. आपण दोघं जायचो तसंच. नऊ वर्षांनी अंगात आलंय बघ.

अडलंय ते स्वयंपाकाच्या सामानापाशी. गाडीवर माणसं दोन, तंबू, अंथरूण, कपडे. भांडीकुंडी आणि चूल मिळून दोन किलोच्या वर जागाच नाही. काल घरातलं सामान बांधून पाहिलं, कुकर, तवा, परात. मागे बांधलं तर गाडीने पुढचं चाक उचललं, तुझी बहीण हसून हसून पायरीवर बसली. त्या वेळी हे सगळं तू बघायचास. मी गाडी हाकायचो आणि आयतं गिळायचो. आता कळतंय, तू किती कमी सामानात काय काय करायचास.

तर कुठला स्टोव्ह, किती भांडी, कशात काय घालायचं, सगळं सविस्तर लिही. सोबत कोण येतंय ते आत्ता विचारू नकोस, गंमत आहे.

नवा पाय बसवून घेतलास असं ऐकलं. कसा आहे? तू येऊ शकला असतास तर हा कागद वाया गेला नसता.

मास्तर


७ सप्टेंबर

मास्तर,

कुकर नेणाऱ्या माणसाने घरीच जेवावं. दोन किलो म्हणतोस, मी सव्वा किलोत बसवून देतो.

स्टोव्ह पेट्रोलचा घे. कारण सोपं आहे, पेट्रोल तुझ्या टाकीत आहेच, वेगळं इंधन वाहायला नको आणि गावोगाव शोधायला नको. माझ्याकडे एक आहे, घडी घालून मुठीत मावतो, तोच पार्सलने पाठवतोय. पेट्रोलची बाटली वेगळी असते, हातभर नळीने बर्नरला जोडायची. बाटलीला वीस पंप मार, थोडं पेट्रोल बर्नरखालच्या वाटीत उतरू दे, पेटव. आधी भसकन मोठी ज्योत होते, घाबरून लाथ मारू नकोस, बर्नर तापला की निळा होतो. तंबूत पेटवायचा नाही. पिन सोबत पाठवतोय, भोक तुंबलं की ती घाल.

पातेलं एकच, लिटरभराचं, पातळ अल्युमिनियमचं, बूड सपाट. झाकण खोलगट घे, तेच तव्याचं काम करतं. त्या पातेल्यात दोन कप एकात एक, कपात स्टोव्ह, स्टोव्हभोवती फडकं, म्हणजे खडखडत नाही. पातेल्याला दांडा नको, सांडशी ने. चमचे दोन, सुरी एक. परात, चाळणी, किसणी असलं काही दिसलं तर मला कळवू नकोस.

वाऱ्यासाठी एक आडोसा लागेल. पातळ पत्र्याचा कापून देतो, पट्ट्या घडी घालून पातेल्याच्या कडेने बसेल असा. त्याशिवाय पठारावर पाणी उकळत नाही, नुसतं इंधन जळतं.

वजन खाली आणि पुढे ठेव, चाकाच्या आसाजवळच्या पिशवीत. मागच्या माणसाच्या मांडीवर काही देऊ नकोस.

पाय ठीक आहे. घोट्यापाशी कुरकुरतो, तेल घातलं की गप्प बसतो. माणसांनाही अशी सोय हवी होती.

बरोबर कुणाला नेतोयस? तुझ्या हाताखाली शिकून गेलेला एखादा असणार. त्याला म्हणावं, घट्ट धरून बस.

मिस्त्री


१३ सप्टेंबर

मिस्त्री,

पार्सल मिळालं, पण तुझ्या त्या पेट्रोलच्या भुताला माझा रामराम! ओट्यावर पेटवून पाहिला. तू लिहिलंस तसा भसकन पेटला आणि खिडकीच्या पडद्याने पेट घेतला. तुझ्या बहिणीने पडदा आणि मला, दोघांनाही बादलीभर पाण्याने विझवलं. "दादाचा जीव असेल त्या स्टोव्हवर, माझ्या घरात नको" म्हणाली. परत पाठवतोय.

आता गॅसवरचा घेतला आहे. बर्नर माझ्या तळहातावर मावतो, नव्वद ग्रॅम. गॅसच्या छोट्या डब्यावर थेट फिरवून बसवायचा, काडी लावायची, झालं. ना पंप, ना वास. दुकानदार म्हणाला, शाळेतलं पोरही लावेल. मला आवडला.

फक्त तीन गोष्टी सांग. दोन माणसांना बारा दिवसांत डबे किती लागतील? वर थंडीत गॅस नीट पेटतो का? आणि वाऱ्याचं काय? तू कबूल केलेला आडोसा मात्र हवा. वारा असा असतो की पातेलंच उडून जाईल.

सोबतचं माणूस तुझ्या चांगलं ओळखीचं आहे एवढंच सांगतो. उगाच डोकं खाजवू नकोस.

एक सांगायचं राहिलं. तुझं नाव माझ्या स्कूलमध्ये गाजतंय. दर नव्या तुकडीला पहिल्या दिवशी तुझी गोष्ट सांगतो. मागे बसणाऱ्याने वळणावर हलू नये, हलला की काय होतं बघा. माझा जिवलग मित्र, सख्खा मेहुणा, मांडीवरचा डबा सावरायला गेला, गाडीचा तोल घालवला आणि उजवा पाय गुडघ्याखाली गमावून बसला. पोरं वहीत उतरवून घेतात. एक मुलगी तर परवा रडली. फळ्यावर वळण काढतो, गाडी काढतो, तुझ्या जागी फुली मारतो. नऊ वर्षांत माझा एकही विद्यार्थी मागे बसून हललेला नाही. बघ, तुझा पाय फुकट गेला नाही.

मास्तर


१९ सप्टेंबर

मास्तर,

उदाहरण चांगलं निवडलंस. उदाहरणाशिवाय शिकणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

डबे मोठे दोन घे आणि लहान एक. रोज दोनदा चहा आणि एकदा भात, यात बारा दिवस निघतील. तांदूळ अर्धा तास आधी भिजव आणि उकळी आली की झाकण लावून कापडात गुंडाळून ठेव, गॅस निम्मा वाचेल.

थंडीत गॅस मंद होतो. झोपताना डबा अंथरुणात घेऊन झोप, सकाळी गरम असला की लगेच पेटतो. थंड जमिनीवर ठेवू नकोस, खाली लाकडाची फळी दे. डब्यावर बर्नर बसवताना हाताने बसेल तेवढाच आवळ, पान्हा लावू नकोस. आतला रबरी वायसर बघून घे, चपटी बाजू वर.

पातेलं डब्यावर उंच बसेल, डुलेल. म्हणून भरताना पाऊण लिटरच्या वर पाणी घालू नकोस.

आडोसा सोबत पाठवला आहे. पाच पट्ट्या, मधे तारेच्या बिजागऱ्या. उंची मुद्दाम वाढवली आहे, जमिनीपासून पातेल्याच्या कडेपर्यंत येतो आणि पूर्ण गोल मिटतो. कुठूनही वारा शिरणार नाही. वजन ऐंशी ग्रॅम. कडा कानशीने घासल्या आहेत, हाताला लागणार नाहीत.

तू विचारलेल्या तिन्ही गोष्टींची उत्तरं आली. प्रवास सुखाचा होवो.

मिस्त्री


११ ऑक्टोबर

मिस्त्री,

कसं लिहू समजत नाही. दवाखान्याच्या आवारात बसून लिहितोय. गावाचं नाव सांगून उपयोग नाही, तू कधी ऐकलेलं नसेल.

माझ्यासोबत तुझी बहीण होती. तीच ती गंमत. परत येताना तुझ्या दारात गाडी उभी करायची, मागून तिने उतरायचं आणि तुझं तोंड बघायचं, असं तिनेच ठरवलं होतं.

पठारावर तिसऱ्या दिवशी दुपारी वारा फार होता. स्टोव्ह मांडला, तुझा आडोसा पूर्ण गोल लावला. ती म्हणाली, मी करते चहा. गुडघे टेकून बसली, झाकण उचलायला वाकली आणि खालचा गॅसचा डबा फुटला. मी पाण्याची बाटली आणायला दहा पावलं गेलो होतो. वळून पाहिलं तर ती दोन्ही हात तोंडावर धरून तशीच गुडघ्यांवर बसलेली. ओरडलीसुद्धा नाही.

डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजव्याचं पट्टी काढल्यावर सांगतील. इथल्या डॉक्टरने मला विचारलं, डब्याभोवती पत्रा कुणी लावायला सांगितला? आग कोंडून डबा तापतो हे माहीत नव्हतं का? मी म्हटलं, ज्याने पत्रा दिला तो स्टोव्हचाच मिस्त्री आहे, त्याने काही लिहिलं नव्हतं.

येऊ नकोस. आडोसा तू पाठवलास हे तिच्या अजून ध्यानात आलेलं नाही. तू दारात दिसलास तर विचार करायला लागेल. स्कूलच्या पत्त्यावर लिही, कारकून टपाल इकडे पोचवतो.

एवढं एकच सांग. लिहायचं विसरलास का?

मास्तर


१४ ऑक्टोबर

मास्तर,

विसरलो नाही.

हे आधी लिहून टाकतो, नाहीतर बाकीचं लिहीन आणि हेच टाळीन.

१९ तारखेचं पत्र मी दोनदा लिहिलं. पहिल्या कागदावर शेवटी चार ओळी होत्या. पेट्रोलच्या स्टोव्हची बाटली नळीच्या टोकाला आडोशाच्या बाहेर राहते, म्हणून तिथे आडोसा गोल चालतो. तुझ्या स्टोव्हचा डबा बर्नरच्या खालीच आहे, तेव्हा आडोसा एकाच बाजूने लाव, पूर्ण मिटलास तर डबा तापून फुटेल. हे सगळं लिहिलं होतं. पाकिटात घालण्याआधी तुझं पत्र परत एकदा वाचलं. फळा, वळण, माझ्या जागी फुली. मग नवा कागद घेतला आणि त्या चार ओळी सोडून बाकीचं उतरवून काढलं. रागाने थरथरत होतो असंही नाही. अक्षर चांगलं आलं. आडोसा आधी आखूड कापला होता, तो टाकून दिला आणि उंच कापला. कडा घासत बसलो ते काय डोक्यात होतं सांगता येत नाही. सवयीने घासल्या असतील.

मला वाटलं होतं तुझे हात भाजतील. किंवा तोंड. सोबत कुणीतरी पोर असेल हेही मनात आलं होतं. त्याचा विचार केला आणि तरी पाकीट चिकटवलं. हेही तुला माहीत असू दे.

नऊ वर्षं मी कुणापाशी बोललो नाही की तू त्या वळणावर दोन्ही हात सोडून सिगारेट पेटवत होतास. डबा माझ्या मांडीवर घट्ट होता. मी हललो नव्हतो. तुमचं लग्न ठरलेलं होतं. धाकटी दवाखान्यात माझ्या उशाशी बसून म्हणाली, "दादा, ह्यांची चूक नव्हती ना?" मी म्हटलं, नव्हती, मीच हललो. माझ्या एका वाक्यावर तिचं घर उभं राहणार होतं, राहिलं. तू त्या वाक्याचा धडा करून शिकवशील असं वाटलं नव्हतं.

त्यातलं काहीही तिच्या डोळ्यांच्या बदल्यात मोजायचं नाही, मला कळतं. औषधाच्या दुकानातून तुझ्या स्कूलला चार वेळा फोन लावला. कारकून म्हणतो, मास्तर बाहेरगावी. दवाखाना कुठला ते कळव. तिला मीच सांगतो. तुझ्या तोंडून नको, माझ्याच तोंडून तिला कळू दे.

मिस्त्री


१९ ऑक्टोबर

मास्तर,

पट्टी काढली का? उजव्याचं काय म्हणाले? एक ओळ लिही. शिव्या लिही, पण लिही. दुकान उघडलेलं नाही. पोस्टमन दोन घरं अलीकडे आला की मला दारात बघून लांबूनच मान हलवतो.

माझा डोळा तिला बसत असेल तर विचार. हसू नकोस, असलं काही होतं का ते मला माहीत नाही, म्हणून विचारतोय.

मिस्त्री


२५ ऑक्टोबर

मिस्त्री,

खाली बस आणि मग वाच. तुझ्या बहिणीला काहीही झालेलं नाही. दोन्ही डोळे शाबूत आहेत, आत्ता पलीकडच्या खोलीत इस्त्री करतेय आणि गुणगुणतेय.

पठारावर पहिल्याच दिवशी मी तुझा आडोसा गोल लावला. तिने काडी पेटवायच्या आधी उचलून बाजूला ठेवला. "हे असं नाही लावायचं, डबा फुटेल. बाबांच्या दुकानात मी एवढीशी असल्यापासून ऐकतेय. दादा लिहायचा विसरला वाटतं." मग दगडांची भिंत केली आणि झकास चहा केला.

ती विसरला म्हणाली. मी मात्र तुझं पत्र खिशातून काढून वाचलं. वायसरची कुठली बाजू वर हे लिहिणारा माणूस एवढं विसरतो? चहा पिता पिता मी पाच-सहा वेळा वाचलं असेल.

दुसऱ्या दिवशी खाली गावात उतरलो आणि पोस्टाच्या बाकावर बसून तुला ते पत्र लिहिलं. ती समोरच्या दुकानात मोजे निवडत होती. दोनदा हाक मारून मला रंग दाखवला. हिरवे चांगले दिसतील म्हणालो आणि तिच्या डाव्या डोळ्याचं वाक्य पुरं केलं.

सतरा तारखेला परत आलो तेव्हा तुझं पहिलं पत्र टेबलावर होतं. दुसरं नंतर आलं. कारकुनाला सांगून ठेवलं, तुझा फोन आला तर मी नाही. उत्तर मुद्दाम लांबवलं. तुला वाईट वाटेल, पण हे आठ दिवस मी जितका गाढ झोपलो तितका नऊ वर्षांत झोपलो नव्हतो.

हो, मी सिगारेट पेटवत होतो. घे, लिहून दिलं. तुला काय वाटतं, मी विसरलो होतो? तुझ्या घरी आलो की तू कुबडी घेऊन उठायचास आणि मला पाणी आणून द्यायचास. एक वाकडा शब्द नाही. तोंडावर थुंकला असतास तर मी तुझे पाय धरले असते. पण तू पाणी आणायचास, आणि मी ते प्यायचो, आणि तू बघत बसायचास. फळ्यावर ती फुली मी शंभर वेळा मारली तेव्हा कुठे मला ती थोडी खरी वाटायला लागली.

आता तूही माझ्या शेजारी येऊन बसलास. फिटंफाट. मी एका क्षणाच्या बेफिकिरीने केलं, तू दोनदा लिहून, कडा घासून केलंस. तेव्हा थोडं तुझ्याकडेच निघतं.

तुझी दोन्ही पत्रं स्कूलच्या कपाटात कुलपात आहेत. हे माझं तू ठेव. तू दाखवलंस तर मीही दाखवीन. तिला कुठलं जास्त लागेल ते तूच ठरव.

आणखी एक. तिच्या डोक्यात बसलंय की तुला विसरायला होतंय. मी म्हटलं, असेल. ती लिहील तुला. काय उत्तर द्यायचं ते तुझं तू बघ. विसरला नव्हता म्हणालास तर मग काय होता, हे ती विचारल्याशिवाय राहणार नाही.

मास्तर


२८ ऑक्टोबर

मास्तर,

तिला दोन्ही डोळ्यांनी दिसतं, एवढंच परत एकदा लिहून पाठव. बाकी तू लिहिलेलं सगळं मान्य.

मिस्त्री


२९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

आल्या आल्या लिहिणार होते, पण हे म्हणाले, "दादाला मी सगळं कळवलंय, तू दमली आहेस." किती मजा आली म्हणून सांगू! तुझं एकच पातेलं, दोन कप, एवढ्यावर बारा दिवस संसार केला. घरी येऊन भांड्यांच्या फळीकडे बघितलं आणि वाटलं, हे सगळं कशाला जमवलंय आपण? तुझ्याकडे यायचं होतं पण परत येताना हे म्हणाले गाडीचा आवाज बरोबर नाही, सरळ घर गाठू. रुसून बसले होते मी.

आता जे लिहायचं ते लिहिते, रागावू नकोस. आडोशाचं तू लिहायला विसरलास. तू! ह्यांना मी हसून म्हटलं, पण रात्रभर डोक्यात घोळत राहिलं. मी सोबत नसते तर काय झालं असतं दादा? बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी दुकानाची किल्ली आत ठेवून कुलूप लावलं, मग गिऱ्हाइकाचा स्टोव्ह पेटता ठेवून जेवायला आले, आपण सगळे विसरभोळे विसरभोळे म्हणून हसत राहिलो. ते गेले तेव्हा मला ओळखतही नव्हते.

तू दिवसभर एकटा, पेट्रोल आणि आगीच्या मधे, तोही एका पायावर. माझ्याने नाही बघवत. ह्यांनीच सुचवलं, दादाला इकडे आणू. खालची खोली रिकामी आहे, पायऱ्या चढायला नकोत. ह्यांच्या ताटाला ताट लावून जेव. दुकान बंद कर. तुला वाईट वाटेल, पण खरं सांग, होतं ना विसरायला? माझ्यापासून तरी लपवू नकोस.

तुझी धाकटी


३ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

तुझं २९ तारखेचं पत्र काल दुपारी मिळालं. तुझा अंदाज बरोबर आहे. गेले सहा-आठ महिने विसरायला होतंय. आडोशाचं तसंच राहून गेलं. तुला काही झालं असतं तर, या विचाराने मी अजून नीट जेवत नाही. तू वेळीच उचललास, बाबांचं कान देऊन ऐकत होतीस, माझ्यापेक्षा शहाणी निघालीस.

दुकान बंद करतो. गिऱ्हाइकांचे अकरा स्टोव्ह आहेत, ते पंधरवड्यात परत करतो. लेथ शेजारच्या लोहाराला हवं होतं. वायसरांचे डबे डावीकडून मापाने लावलेले आहेत, ते तसेच त्याला देईन म्हणजे त्याचा घोळ होणार नाही. महिनाअखेरीला येतो. खालच्या खोलीत मला खिडकीजवळ एक टेबल दे, बाकी काही नको.

दादा


८ नोव्हेंबर

मिस्त्री,

तुझ्या पत्राने काम बिघडवलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "माझ्या पत्राची तारीख आठवते, अकरा स्टोव्ह आठवतात, डबे डावीकडून मापाने आठवतात, आणि हा म्हणे विसरतो. बाबांना या वेळेला वार आठवत नव्हता. तुम्ही दोघं काहीतरी लपवताय." मी गाडी पुसायला बाहेर निघून गेलो. येत्या सोळा तारखेला ती बस धरून तुझ्याकडे येतेय, समोर बसवून विचारणार आहे. तिच्या डोळ्यात बघून तुला खोटं बोलता येत नाही, दवाखान्यात एकदा जमलं तेवढंच.

तू विसरला नव्हतास हे तिला कळलं, तर मला कपाट उघडावं लागेल. माझा इलाज नाही. ती येण्याआधी टपालाला एक फेरी व्हायला वेळ आहे.

मास्तर


११ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

बरेच दिवस तुझं पत्र नाही म्हणून लिहितोय. की आलं होतं? टेबलावर एक पाकीट होतं, ते कुठे ठेवलं सापडत नाही. तू दुकानाचं काहीतरी विचारलं होतंस का? दुकान चालू आहे. परवा एक बाई स्टोव्ह मागायला आल्या, दुरुस्तीला दिलाय म्हणाल्या, मला काही केल्या त्यांची ओळख पटेना. रागावून गेल्या.

तुमचा तो प्रवास कधी आहे? जाण्याआधी कळव, एक आडोसा कापून देईन. पठारावर वारा फार असतो.

तू ये एकदा. येताना बाबांनाही घेऊन ये, दुकानाच्या किल्ल्या त्यांच्याकडेच राहिल्यात.

दादा